परदेशातील विद्यार्थी-सहलीचा शेवटचा दिवस : प्रथमच गट घेऊन जाणाऱ्या शिक्षकांसाठी

विद्यार्थ्यांचा गट घेऊन प्रथमच परदेशी निघालेल्या शिक्षकाची बहुतेक तयारी पहिल्या दिवसासाठी झालेली असते. व्हिसा, विमा, पालकांची संमतिपत्रे, खोल्यांची वाटणी यांच्या याद्या महिनाभर आधीपासून तयार होतात. परतीच्या दिवसासाठी मात्र कार्यक्रमपत्रिकेत ‘नाश्ता, खोल्या सोडणे, विमानतळाकडे प्रयाण’ एवढी एकच ओळ असते. वस्तू हरवणे, सामानाचे वजन जास्त भरणे, एखादा विद्यार्थी वेळेवर न पोहोचणे, पालकांची चुकामूक होणे हे बहुतेक प्रकार याच ओळीत दडलेले असतात, कारण त्या दिवशी विद्यार्थी आणि शिक्षक दोघेही थकलेले असतात आणि मनाने घरी पोहोचलेले असतात. म्हणून त्या दिवशी नवे काही पाहण्याचा आग्रह सोडून, परत आणण्याचे काम हेच त्या दिवसाचे मुख्य काम मानावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढील विवेचनासाठी मुंबईहून सिंगापूरला गेलेल्या ४० विद्यार्थ्यांच्या आणि ४ शिक्षकांच्या गटाचे उदाहरण घेतले आहे. परतीचे विमान स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी सातच्या सुमारास सुटणारे आहे, असे धरू. देश कोणताही असला तरी कामांचा क्रम फारसा बदलत नाही.

आदल्या दुपारची आणि संध्याकाळची कामे

खरेदीची शेवटची संधी आदल्या संध्याकाळी द्यावी आणि ती शेवटची आहे हे विद्यार्थ्यांना दोन दिवस आधी सांगून ठेवावे. सिंगापुरात मुंबईचे बहुतेक गट लिटल इंडियाच्या आसपास उतरतात आणि जवळच सय्यद अलवी रोडवर मुस्तफा सेंटर हे अनेक मजल्यांचे मोठे दुकान आहे. ‘फक्त अर्धा तास’ म्हणून आत गेलेली मुले तिथे सहज दीड तास काढतात आणि एकमेकांना सापडत नाहीत. हे आदल्या दिवशी घडले तर फक्त जेवणाला उशीर होतो; शेवटच्या दिवशी घडले तर विमान धोक्यात येते.

खरेदी संपल्यावर सर्व मोठ्या बॅगा रात्रीच भरून घ्याव्यात आणि हातात धरायच्या वजनकाट्यावर एकेक तोलाव्यात. असा काटा मुंबईत कोठेही स्वस्तात मिळतो; गटासाठी दोन घ्यावेत. तिकिटावर लिहिलेली मर्यादा आणि प्रत्येक बॅगेचे वजन वहीत क्रमांकानुसार लिहिले की कोणाकडे दोन किलो जास्त आणि कोणाकडे चार किलो कमी आहे हे लगेच दिसते. काही विमान कंपन्या एकाच आरक्षणातील सामानाचे एकत्रित वजन धरतात, काही प्रत्येक प्रवाशाचे वेगळे मोजतात. आपल्या तिकिटाला यांपैकी काय लागू आहे ते टूर एजंटकडून लेखी घ्यावे. एकत्रित धरले तरी एका बॅगेचे वजन ३२ किलोपेक्षा अधिक चालत नाही.

बॅग भरतानाच कोणती वस्तू कोठे जाईल हे ठरवून टाकावे. पॉवर बँक चेक-इन बॅगेत कधीही ठेवू नये; ती हातातल्या बॅगेतच न्यावी लागते. १०० वॉट-तासांपर्यंतच्या पॉवर बँकेला सहसा अडचण येत नाही आणि १०० ते १६० वॉट-तासांसाठी कंपनीची परवानगी लागते. मुलांच्या पॉवर बँकेवर बहुधा मिलीअँपिअर-तासांचा आकडा असतो, त्याला ३.७ ने गुणून १००० ने भागले की वॉट-तास मिळतात, म्हणजे २०,००० च्या पॉवर बँकेचे ७४ वॉट-तास होतात. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरणे आणि चार्ज करणे दोन्ही बंद केले आहे. तेव्हा फोन हॉटेलमध्येच पूर्ण चार्ज करून निघावे. अत्तर, सॉस, काया जॅम, शॅम्पू हे सगळे द्रवपदार्थांच्या नियमात येते आणि १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली असेल तर तिची जागा चेक-इन बॅगेत आहे.

भारतात आणताच येत नाहीत अशा दोन वस्तू विद्यार्थ्यांना नावानिशी सांगाव्यात. परदेशी बनावटीचे ड्रोन आयात करण्यावर भारताने फेब्रुवारी २०२२ पासून बंदी घातली आहे, आणि इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. सिंगापुरात तर ती नुसती जवळ बाळगणेही गुन्हा आहे. खेळण्याच्या दुकानात मोह पाडणारा छोटा ड्रोन विद्यार्थी विकत घेतो आणि मुंबईच्या सहार विमानतळावरील कस्टम्समध्ये तो जप्त होतो, त्या वेळी त्याची समजूत घालणे कठीण जाते.

याहून गंभीर सूचना एकच, आणि ती गटप्रमुखाने स्वतः, सर्वांना एकत्र बसवून द्यावी. कोणीही, ओळखीच्या माणसाने दिले तरी, मुंबईत पोहोचवायचे बंद पाकीट किंवा पिशवी घेऊ नये. अमली पदार्थांविषयी सिंगापूरचे कायदे अत्यंत कठोर आहेत आणि ठरावीक प्रमाणापुढे तिथे मृत्युदंडाची तरतूद आहे. हे विद्यार्थ्यांना घाबरवण्यासाठी सांगायचे नाही. ‘आपल्या बॅगेत काय आहे याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागते’ हे त्यांना नीट समजावे म्हणून सांगायचे आहे.

निरोपाचा कार्यक्रम आदल्या रात्रीच

गाणी, आठवणी, स्थानिक गाइडचे आणि बसचालकाचे आभार हे सगळे आदल्या रात्री जेवणानंतर उरकावे. शेवटच्या दिवशी बसमध्ये घाईघाईने मानलेले आभार ना त्यांच्यापर्यंत पोहोचतात ना विद्यार्थ्यांच्या लक्षात राहतात. विद्यार्थ्यांनी हाताने लिहिलेले आभाराचे पत्र द्यावे. लहान वर्गांतली मुले ते फार मनापासून लिहितात.

त्या बैठकीच्या शेवटी दुसऱ्या दिवसाचे वेळापत्रक वाचून दाखवावे आणि ते गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकावे. आमच्या उदाहरणात ते असे होईल : नाश्ता साडेसातला, खोल्या साडेदहाला रिकाम्या, दुपारचे जेवण साडेबाराला, बस अडीचला, विमानतळावर सव्वातीनला. चाळीस जणांचा चेक-इन, करपरतावा (खरेदीवर भरलेला कर परत घेणे) आणि इमिग्रेशन यांसाठी विमान सुटण्यापूर्वी साडेतीन-पावणेचार तास हा जास्तीचा वेळ वाटतो, पण तो तसा नाही. चेक-इन खिडक्या आंतरराष्ट्रीय विमानासाठी साधारण एक तास आधी बंद होतात, आणि गटाच्या तिकिटांचे वेब चेक-इन पुष्कळदा होत नाही.

विद्यार्थी झोपायला गेल्यावर शिक्षकांनी आणखी दहा मिनिटे बसून एक अप्रिय प्रश्न सोडवून ठेवायचा असतो : उद्या एखादा विद्यार्थी आजारी पडला, त्याचा पासपोर्ट हरवला किंवा तो सापडेना, तर मागे कोण राहील? उत्तर नावानिशी ठरवावे. त्या शिक्षकाकडे विम्याच्या मदत केंद्राचा क्रमांक, सहलीच्या राखीव निधीपैकी पुरेशी रक्कम आणि चालू फोन असला पाहिजे. विद्यार्थिनी असेल तर शिक्षिका थांबेल, हेही गृहीत न धरता बोलून घ्यावे. पासपोर्ट हरवल्यास आधी स्थानिक पोलिसांत तक्रार करावी आणि मग ग्रेंज रोडवरील भारतीय उच्चायुक्तालयातून भारतात परतण्यापुरते इमर्जन्सी सर्टिफिकेट घ्यावे. त्याशिवाय सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याचीही पूर्तता असते, म्हणून त्याच संध्याकाळचे विमान मिळेल असे धरू नये. सिंगापुरात पोलिसांसाठी ९९९ आणि रुग्णवाहिकेसाठी ९९५ हे क्रमांक आहेत. परतीच्या विमानातील शाकाहारी आणि जैन जेवणाची नोंद कंपनीकडे पोहोचली आहे ना, हेही चोवीस तास आधीच विचारून घ्यावे.

खोल्या सोडताना

विद्यार्थी निघाल्यावर प्रत्येक खोलीत एका शिक्षकाने जावे. पलंगाखाली, उशीखाली, न्हाणीघराच्या दाराच्या मागे, फ्रिजमध्ये, तिजोरीत आणि भिंतीवरील सॉकेटमध्ये बघावे. सर्वांत जास्त विसरली जाणारी वस्तू म्हणजे चार्जर आणि त्याला लावलेला तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर. खोलीचे दोन फोटो काढून ठेवावेत. काही मोडल्याचा दावा नंतर आला तर ते उपयोगी पडतात. चाव्यांची कार्डे मोजून परत द्यावीत, बिलावर मिनीबारची रक्कम लागली असेल तर ती तिथेच त्या त्या विद्यार्थ्याकडून घ्यावी आणि अनामत रकमेची पावती मागून घ्यावी.

आता हजेरीविषयी, कारण शेवटच्या दिवशी तिची खरी सुरुवात इथे होते. शिक्षकाने बोट दाखवत डोकी मोजू नयेत. डोकी हलतात आणि एकोणचाळीस भरले तर कोण नाही हे कळत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला सहलीपुरता क्रमांक द्यावा आणि विद्यार्थ्यांनी स्वतः मोठ्याने ‘एक, दोन, तीन’ असे क्रमाने म्हणावे. जिथे साखळी तुटते तो विद्यार्थी गैरहजर. चाळीस जणांची हजेरी अशा रीतीने मिनिटभरात होते. मित्रासाठी दुसऱ्याने क्रमांक म्हटल्यास काय होऊ शकते हे पहिल्याच दिवशी समजावले असेल तर तो प्रकार घडत नाही. ही हजेरी हॉटेलातून निघताना, बसमध्ये चढल्यावर, बसमधून उतरल्यावर, सामान दिल्यावर, इमिग्रेशननंतर, गेटवर, विमानातून उतरल्यावर आणि सामान घेतल्यावर घ्यावी. मोठ्या वर्गांतल्या मुलांना याचा कंटाळा येतो. तरीही एकही टप्पा गाळू नये. बसमध्ये सामान चढवताना बॅगांचीही मोजणी करून आकडा लिहून ठेवावा.

मधले तीन-चार तास

खोल्या सोडल्यापासून बस येईपर्यंतचा वेळ हा या दिवसातला सर्वांत अवघड भाग आहे. तो मोकळा सोडला की मुले पांगतात, आणि त्यात मोठे प्रेक्षणीय स्थळ बसवले की सगळे वेळापत्रक तिकिटांच्या रांगेवर अवलंबून राहते. मोठे सामान हॉटेलच्या सामानघरात ठेवून, तिकीट नसलेल्या, सावलीच्या, एकाच ठिकाणी सर्वांना बसता येईल अशा जागी जावे. सिंगापूरची बोटॅनिक गार्डन्स या कामासाठी फार उत्तम आहेत. २०१५ मध्ये युनेस्कोने त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. मुख्य बागेत प्रवेश विनामूल्य आहे आणि मोठ्या झाडांखाली पूर्ण गट आरामात बसतो. पाऊस आला तर हॉटेलच्या सभागृहाची किंवा नाश्त्याच्या दालनाची सोय आदल्या दिवशी विचारून ठेवावी. सिंगापुरात सर कोणत्याही महिन्यात येते.

तिथे विद्यार्थ्यांना पाऊण तास शांतपणे लिहायला बसवावे. काय पाहिले त्याची यादी नको. मुंबईत ज्याविषयी पुढे विचार करता येईल अशी एकच गोष्ट निवडून तिच्यावर एक पान लिहावे. पावसाचे पाणी साठवून पिण्यायोग्य करणारी जलाशयांची व्यवस्था, हॉकर सेंटरमधील (खाद्यपदार्थांच्या अनेक गाळ्यांच्या सामायिक दालनातील) ताटे स्वतः परत ठेवण्याची सक्ती, चार राजभाषांत लिहिलेल्या पाट्या यांपैकी काय कोणाच्या मनात राहिले हे त्या पानांवरून कळते. घरी गेल्यावर लिहू असे म्हटलेले लेखन होत नाही, कारण घरी गेल्यावर क्लास, परीक्षा आणि लोकल सुरू होतात. शैक्षणिक सहल म्हणून पालकांकडून आपण जे पैसे घेतलेले असतात, त्यांचे मोल या पाऊण तासात मोठ्या प्रमाणात वसूल होते असे मला मनापासून वाटते.

चांगी विमानतळावर

विमानतळावर उतरल्यावर पहिले काम पासपोर्टचे. सहलीत ते शिक्षकांकडे असतील तर हॉटेलमध्ये किंवा बसमध्ये वाटू नयेत. चेक-इनच्या दालनात, क्रमांकानुसार, यादीवर सही घेऊन द्यावेत. त्यानंतर मुंबईत बाहेर पडेपर्यंत पासपोर्ट विद्यार्थ्याच्या गळ्यातील पाकिटात राहावा. गेटवर आणि मुंबईच्या इमिग्रेशनला तो पुन्हा लागतो, त्यामुळे मध्येच गोळा करून पुन्हा वाटण्यात गोंधळच जास्त होतो.

दुसरे काम करपरताव्याचे, आणि ते सामान देण्यापूर्वी करायचे असते. सिंगापुरात वस्तू व सेवा कर १ जानेवारी २०२४ पासून ९ टक्के आहे. पर्यटकाने करपरतावा योजनेत सहभागी असलेल्या दुकानातून किमान १०० सिंगापूर डॉलरची खरेदी केली असेल आणि त्या वेळी पासपोर्ट दाखवून व्यवहाराची नोंद करून घेतली असेल, तर शुल्क वजा जाता कर परत मिळतो. एकाच दुकानाची त्याच दिवशीची तीन बिलेपर्यंत एकत्र करता येतात. वस्तू चेक-इन बॅगेत असतील तर कियोस्कवरील (विमानतळावरील स्वयंसेवा यंत्रावरील) अर्ज सामान देण्याआधी करावा लागतो, कारण कस्टम्सचे अधिकारी वस्तू पाहायला मागू शकतात. हातातल्या सामानासाठी ही सोय इमिग्रेशननंतरही असते. दोन गोष्टी पालकांना सहलीआधीच कळवाव्यात : खरेदीच्या वेळी वय १६ पूर्ण नसेल तर परतावा मिळत नाही, आणि विद्यार्थ्यांची बिले शिक्षकाच्या पासपोर्टवर घेऊ नयेत. ज्याने खरेदी केली त्यानेच अर्ज करायचा असतो. परतावा घेणारे विद्यार्थी सहसा थोडे असतात. त्यांना एका शिक्षकाबरोबर पुढे पाठवावे आणि बाकीच्यांनी रांगेत उभे राहावे. युरोपच्या सहलीत हेच काम युरोपीय संघातील शेवटच्या देशाच्या कस्टम्सकडे करावे लागते, तेव्हा विमान कोठे बदलते ते पाहून ठेवावे.

सामान देताना प्रत्येक बॅगेवरचा टॅग मुंबईचाच आहे हे वाचावे, आणि त्याची पावती विद्यार्थ्याच्या पासपोर्टमध्ये ठेवायला लावावी.

सर्व काही वेळेवर झाले तर इमिग्रेशनपूर्वी तासभर हातात उरतो. टर्मिनल १, २ आणि ३ पासून ज्वेल या इमारतीत चालत जाता येते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या या इमारतीतील ४० मीटर उंचीचा धबधबा पाहायला तिकीट लागत नाही. टर्मिनल ४ वरून विमान असेल तर हा मोह टाळावा, कारण तिथून बसने जावे लागते.

इमिग्रेशनला आता एक नवी अडचण आहे, आणि ती सोयीतूनच आली आहे. २०२४ पासून चांगीहून निघणाऱ्या परदेशी प्रवाशांनाही चेहरा आणि बुबुळांच्या ओळखीवर, पासपोर्ट न दाखवता स्वयंचलित फाटकातून जाता येते. विद्यार्थी भराभर पलीकडे जातात आणि दुकानांत पांगतात. म्हणून एका शिक्षकाने सर्वांत आधी पलीकडे जाऊन सर्वांना दिसेल अशा जागी उभे राहावे आणि एकाने सर्वांत शेवटी यावे. पासपोर्टवर शिक्का मिळत नाही, हेही आधी सांगावे. काही मुलांना त्या शिक्क्याची फार अपूर्वाई असते.

चांगीच्या पहिल्या तीन टर्मिनलांत सुरक्षा तपासणी गेटवरच होते. त्यामुळे आतल्या दुकानात घेतलेली पाण्याची बाटली गेटपाशी टाकून द्यावी लागते. रिकामी बाटली घेऊन जावे आणि गेटच्या आतील नळावर भरावी. गेट बंद होण्याच्या वेळेआधी पाऊण तास सर्वांना तिथे बोलवावे.

विमानात

साडेपाच तासांच्या प्रवासात एकच सूचना महत्त्वाची आहे : पासपोर्ट समोरच्या सीटच्या खिशात ठेवू नये. झोपण्यापूर्वी भारतीय सिमकार्ड फोनमध्ये परत घालावे. परदेशी सिमसाठी काढून ठेवलेले हे छोटे भारतीय कार्ड तोवर बोर्डिंग पासला चिकटपट्टीने लावून ठेवले तर हरवत नाही. भारताची घड्याळे सिंगापूरच्या अडीच तास मागे आहेत, म्हणजे आमचे विमान मुंबईच्या वेळेनुसार रात्री दहाच्या सुमारास उतरेल.

सहारला उतरल्यावर

पालकांना ‘टर्मिनल २, सहार’ असे स्पष्ट लिहून कळवावे. शहराला आता नवी मुंबईचा दुसरा विमानतळही आहे आणि देशांतर्गत विमानांमुळे काही पालकांच्या मनात सांताक्रूझचे टर्मिनल १ असते. विमान उतरले की लगेच पालक बाहेर येऊन उभे राहतात. इमिग्रेशन, सामान आणि कस्टम्स मिळून एक ते दीड तास लागू शकतो हे त्यांना आधी सांगितले तर फोन कमी येतात.

सामानाच्या पट्ट्यापाशी आदल्या दिवशीच्या वहीप्रमाणे बॅगा मोजाव्यात. एखादी आली नाही किंवा फुटलेली आली, तर बाहेर पडण्यापूर्वीच विमान कंपनीच्या काउंटरवर प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट भरून त्याची प्रत घ्यावी. एकदा बाहेर पडल्यावर ते काम फार कठीण होते. कस्टम्समध्ये शुल्कमुक्त मर्यादेपेक्षा जास्त सामान असलेल्यांनी लाल मार्गाने जावे. ही मर्यादा बदलत असते, म्हणून निघण्यापूर्वी सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर पाहावी. नवा लॅपटॉप शुल्काविना आणण्याची सवलत १८ वर्षे पूर्ण झालेल्या प्रवाशालाच आहे, हे शाळकरी विद्यार्थ्यांच्या पालकांना ठाऊक नसते.

बाहेर आल्यावर विद्यार्थ्यांना सोडून देऊ नये. एक खांब किंवा गेटचा क्रमांक ठरवून सगळ्या गटाला तिथे उभे करावे, आणि संमतिपत्रावर ज्यांचे नाव आहे त्यांच्याच ताब्यात, यादीवर सही घेऊन, एकेक विद्यार्थी द्यावा. ‘काका न्यायला आलेत’ एवढ्यावर मूल देऊ नये. आईवडिलांना फोन करून मगच द्यावे. पदवीच्या वर्गातील विद्यार्थी स्वतः जाऊ शकतात, पण रात्री अकरानंतर डोंबिवली, विरार किंवा पनवेलकडे जाणाऱ्यांची सोय दिवसा ठरवलेली असावी. टर्मिनल २ खाली मेट्रो ३ चे स्थानक आहे, पण तेवढ्या उशिरा ती मिळत नाही, आणि शेवटची लोकल चुकली तर अंधेरी स्थानकावर पहाटेपर्यंत थांबावे लागते. एकाच दिशेच्या विद्यार्थ्यांना एका गाडीत बसवावे, गाडीचा क्रमांक पालकांना पाठवावा आणि घरी पोहोचल्याचा संदेश प्रत्येकाकडून घ्यावा. शेवटचा विद्यार्थी जाईपर्यंत किमान दोन शिक्षकांनी तिथेच थांबायचे असते.

नंतरच्या आठवड्यात

राखीव निधीचा हिशेब, बिले आणि उरलेले परकीय चलन संस्थेकडे जमा करावे. नाणी मनी चेंजर सहसा घेत नाहीत, म्हणून ती चांगीवरच खर्च करणे बरे. सामानाची मोडतोड झाली असेल तर माँट्रियल करारानुसार लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांच्या आत आणि उशिरा मिळालेल्या सामानासाठी २१ दिवसांच्या आत करावी लागते. पालकांवर न सोडता गटप्रमुखाने त्याचा पाठपुरावा करावा. विद्यार्थ्यांनी लिहिलेली पाने गोळा करून त्यांच्या प्रती पालकांना पाठवाव्यात. सहलीसाठी फोनमध्ये, ईमेलमध्ये आणि व्हॉट्सॲप गटांत जमा झालेले पासपोर्टचे फोटो, वैद्यकीय माहिती आणि संमतिपत्रांच्या प्रती, प्रलंबित दाव्यांना लागणाऱ्या वगळून, सर्व शिक्षकांनी आपापल्या फोनमधून पुसून टाकाव्यात आणि कागदी प्रती कार्यालयात सही घेऊन परत द्याव्यात.